दुपारी दोन वाजता सावली कुठे असते?

बचत गटांच्या बैठकांसाठी मी वाडी-वाडीवर फिरते. एप्रिल-मे आला की हप्त्यांच्या आधी विषय निघतो तो विहिरीच्या पाण्याचा आणि उकाड्याचा. आपल्याला त्रास झाला तर आपण बोलून दाखवतो. दारातला कुत्रा, घरातलं मांजर, खुराड्यातल्या कोंबड्या, मांगरातली शेळी बोलत नाहीत. आज त्यांच्याविषयी बोलू या.

पुष्कळ जणी म्हणतात, "आमच्याकडे खंयचो गो उष्माघात? दर्याचो वारो आसा." विदर्भात पारा ४५ वर जातो, आपल्याकडे ३४-३५ वर असतो, हे खरं. पण उष्णतेची लाट ठरवताना हवामान खातंसुद्धा किनाऱ्याला वेगळं माप लावतं. मैदानी भागात ४० अंशांपासून विचार होतो, किनारपट्टीवर ३७ पासूनच.

याचं कारण दमट हवा. ओल वाळते तेव्हा अंग थंड होतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांना. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातली ओल वाळवून स्वतःला थंड करतो. कोंबडीला तर घामाच्या ग्रंथीच नसतात. ती चोच उघडते, पंख अंगापासून दूर धरते. पण दोरीवरची साडी लवकर वाळत नाही अशा हवेत त्यांची ही ओल तरी कशी वाळणार? म्हणून आकडा बघत बसू नका, जनावराचा श्वास बघा.

पहिली गोष्ट सावलीची. सकाळी कुत्रा आंब्याखाली बांधलात, तिथली सावली दुपारी दोनला असते का, हे एकदा जाऊन बघा. तो साखळीला बांधलेला असेल तर सावलीमागे सरकू शकत नाही. बऱ्याच गोठ्यांवर आणि खुराड्यांवर आता पत्रा आहे. तो तापला की खाली भट्टी होते. पत्र्यावर चुडतांची झापं टाका आणि काथ्याने घट्ट बांधा. बाजू जाळीच्या ठेवा. बंद खुराड्यात पाणी मारलंत तर वाफ कोंडते आणि त्रास वाढतो. ओलं गोणपाट लावायचं तर वारा खेळेल अशा बाजूलाच.

दुसरं पाणी. मे महिन्यात एक-एक कळशी लांबून आणावी लागते, हे मला ठाऊक आहे. तरी सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवा आणि दोन-तीनदा पाणी बदला. गाई-म्हशींना धुवण द्या, पण दुपारपर्यंत आंबलेलं नको. म्हशीची कातडी काळी आणि घाम कमी, तिला अंगावर पाणी हवंच. कोंबड्यांना दाणे सकाळी लवकर आणि संध्याकाळी टाका. अन्न पचतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून भर दुपारी नको.

घरी पर्यटक ठेवणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. तारकर्ली-देवबागला आता पाहुणे कुत्रे घेऊन येतात. बंद गाडीत दहा मिनिटांत सुमारे दहा अंश वाढतात, काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडत नाही. "किल्ला बघून येतो, कुत्रा गाडीत राहील," असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नको म्हणा. पडवीत बांधायला जागा द्या. वाळूवर हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. त्याला समुद्राचं खारं पाणी पिऊ देऊ नका. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर जास्तच जपायला हवं.

धोका कसा ओळखायचा? धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक होतात, चाल डगमगते, उलटी होते. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते साधं समजू नका. अशा वेळी जनावर सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा. पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता अडकते. आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा मोफत फोन नंबर आहे. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो आजच लिहून ठेवा.

कोंबड्या-शेळ्यांचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातातला असतो. मिरगाला गावठी कोंब्याला किती मागणी असते, ते तुम्हाला सांगायला नको. मे महिन्याच्या दुपारी खुराड्यात चार कोंबे गेले, तर मिरगाचे पैसेही गेले, आणि गटाचा हप्ता थांबत नाही. कुत्रा-मांजराचं मोल तर पैशात होतच नाही.

तेव्हा आज जेवण झालं की आडवं होण्याआधी एक फेरी मारा. सावली कुठे आहे, पाणी आहे का, श्वास कसा चाललाय, एवढंच बघा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या बैठकीत कोणी काय केलं ते ऐकायला मला आवडेल.