लाखोळीचा दाणा आणि कोरडे वर्ष



भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेवर, गोसीखुर्दचे धरण आहे हे आपणांस ठाऊक आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचा तो संकल्प. आज मात्र मी धरणाविषयी बोलणार नाही. त्या परिसरातल्या धानाच्या बांध्यांत, धान निघाल्यावर जी निळ्या फुलांची नाजूक वेल पसरते, तिच्याविषयी बोलणार आहे. पुस्तकात तिला लाखोळी म्हणतात. आमच्या झाडीपट्टीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून आम्ही म्हणतो लाखोरी. हिंदीत खेसारी किंवा तिवडा.

हिची शेती म्हणजे जवळजवळ फुकटची शेती. धान अजून उभे असते, बांधीतले पाणी ओसरत असते, तेव्हाच चिखलात बी फेकून द्यायचे. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून नेले की खाली ही वेल आपली आपण वाढू लागते. मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. पाणी साचले तरी टिकते, पाऊस अजिबात आला नाही तरी टिकते. हिवाळ्यात कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, उरलेली पाने वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायची, माघ-फाल्गुनात दाणे निघाले की डाळ करायची. लाखोळीच्या डाळीचे वडे ज्याने खाल्ले आहेत, त्याला मी अधिक काय सांगावे? दाण्यात प्रथिने शेकडा अठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे तुरीपेक्षाही जास्त.

वनस्पतींची आनुवंशिकता आणि त्यांच्यातले पोषण हा माझ्या पीएच.डी.चा विषय. घरची लाखोळी डोळ्यांसमोर होती, म्हणून तीच घेतली. गावोगाव फिरून जुन्या घरांतून बियाणे गोळा करीत होते. धरणाच्या वरच्या अंगाच्या एका गावात एक आजी भेटल्या. त्यांनी मडक्यातले ओंजळभर बी माझ्या पिशवीत ओतले आणि विचारले, "पोरी, तुमी शिकलेले लोक मंता का ह्या दान्यात जहर आहे. मंग आमी आजवर कसे जगलो?"

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जरा मागे जावे लागते.

ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याने मध्य भारतातल्या सागर भागाची एक हकीकत १८४४ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली रोग पडला. तीन वर्षे शेतात तग धरून राहिली ती फक्त ही तिवडा. लोकांनी तीच खाल्ली. १८३३ पासून तिशीच्या आतली धडधाकट माणसे एकाएकी कमरेखाली लुळी पडू लागली. पाय ताठरतात, टाचा टेकत नाहीत, काठीशिवाय चालता येत नाही. ही व्याधी एकदा जडली की बरी होत नाही. वैद्यकात तिला लॅथिरिझम म्हणतात.

कारण सापडायला त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक द्रव्य वेगळे काढले. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही त्याच वर्षी ते शोधले. त्याचे नाव मोठे लांबलचक आहे. थोडक्यात त्याला ओडॅप म्हणतात. आपल्या मज्जातंतूंना निरोप पोचवणारे ग्लुटामेट नावाचे एक द्रव्य असते. ओडॅपची घडण त्याच्यासारखी. पेशी फसतात, प्रमाणाबाहेर उत्तेजित होतात आणि पायांचे नियंत्रण करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात.

मग आजी कशा जगल्या? उत्तर प्रमाणात आहे. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखोळीचा असेल आणि असे सलग दोन-तीन महिने चालले, तर धोका. भातासोबत चार घास डाळ, सणावाराला वडे, हिवाळ्यात भाजी, एवढ्याने माणूस लुळा पडत नाही. शिवाय ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले, भरपूर पाण्यात शिजवून तेही ओतून टाकले, की त्यातला बराचसा भाग निघून जातो.

सरकारने मात्र १९६१ साली अन्नभेसळीच्या नियमांत हिच्या विक्रीवर बंदीची तरतूद केली. पुढे ती महाराष्ट्रातही लागू होती. गंमत अशी, की बंदी विकण्यावर होती, पेरण्यावर नव्हती. पेरणारा पेरतच राहिला. उजळ माथ्याने विकता येत नाही म्हणून माल पडेल भावात जाई आणि तुरीच्या डाळीत नाहीतर बेसनात मिसळला जाई. महाराष्ट्राने २००८ साली बंदी उठवली. २०१६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही कमी ओडॅपच्या वाणांसाठी अनुकूल मत दिले.

हे कमी ओडॅपचे वाण म्हणजे आमच्या शास्त्राची कमाई. गावठी लाखोळीच्या शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण दीडशे ते पाचशे मिलिग्रॅम ओडॅप असते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने आधी पुसा-२४ हा वाण काढला. मग त्याच्याच ऊतींपासून प्रयोगशाळेत रोपे वाढवून, त्यांतून निवड करून 'रतन' काढला. त्यात हे प्रमाण शंभराच्या आत आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' आणि 'महातिवडा' दिले. महातिवड्यात ते पंचाहत्तरच्या आसपास. ओडॅप शून्य असलेले रोप मात्र अजून कोणालाही सापडलेले नाही. २०२३ साली या वनस्पतीच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. तो माणसाच्या जनुकसंचाच्या दुप्पट मोठा आहे. ओडॅप तयार करणारी विकरे कोणती, हेही आता कळले आहे.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला चांगली वाटते. मलाही वाटत होती. अभ्यास सुरू केला तेव्हा माझी समजूत अशी, की चांगले बी दिले की प्रश्न मिटला. मी एका ओळखीच्या शेतकऱ्याला सुधारित वाणाचे बी दिले. त्यांनी मनापासून पेरले, घरचेच बी धरून पुढची वर्षेही पेरले. तिसऱ्या वर्षी मी ओंजळीत दाणे घेतले तेव्हा ते एकसारखे राहिले नव्हते. काही मोठे, काही बारीक, काही ठिपक्यांचे. शेजारच्या बांधीत गावठी लाखोळी होती. हे पीक बहुतेक आपल्याच परागांवर फळत असले तरी मधमाश्या बांध ओळखत नाहीत. खळ्यावर आणि कोठीत बी मिसळते ते वेगळेच.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ओडॅपचे प्रमाण केवळ जनुकांवर ठरत नाही. जमीन कोरडी पडली की ते वाढते. जमिनीत जस्त कमी असले तरी वाढते. आता विचार करा. दुष्काळाच्या वर्षी धान जाते, हरभरा जातो, एकटी लाखोळी तग धरते. म्हणजे ज्या वर्षी गरिबाच्या ताटात दुसरे काहीच नसते, नेमके त्याच वर्षी त्या दाण्यात विष अधिक असते. सागरच्या लोकांना लुळे केले ते एकट्या दाण्याने नव्हे. ताटात दुसरे काहीच नव्हते, म्हणून तो दाणा बाधला. हे मला प्रयोगशाळेत उमगले नाही. आजींच्या ओसरीवर, त्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना उमगले.

मी त्यांना म्हटले, "आजी, तुमच्या घरी लाखोरीसोबत धान होते, म्हणून तुम्ही जगलात."

त्या म्हणाल्या, "ते तर खरंच. पन आता धानाची बांधीच पान्यात गेली."

मी गप्प बसले. धरणाच्या पाण्याने काहींच्या बांध्या गेल्या. काहींच्या शेतात कालवा आला. जिथे कालवा आला तिथे शेतकरी उन्हाळी धान घेऊ लागला. त्याला दोष कोण देणार? पण तिथे उतेऱ्याची गरज संपते आणि लाखोळी मागे पडते. जुने बी एकदा मडक्यातून गेले की पुन्हा मिळत नाही. एखाद्या गावठी वाणात कोरड्या वर्षीही ओडॅप न वाढण्याचा गुण दडलेला असेल, तर तो त्या मडक्याबरोबरच जाईल. म्हणून मी आजही बी गोळा करते.

श्रोतेहो, कोणी विचारले, लाखोळी खावी की नाही, तर मी सांगते: खावी, पण भाताच्या किंवा भाकरीच्या जागी नव्हे, सोबत. भिजवून, पाणी फेकून. कोवळ्या पाल्यातही ओडॅप असते, तेव्हा भाजीही बेतानेच. सुधारित बी गावठीपासून लांबच्या बांधीत लावावे आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे आणावे. आणि कोरडे वर्ष आले, की पहिली चौकशी गावातल्या गरिबाच्या ताटात आणखी काय आहे याची करावी. त्या ताटात दुसरे धान्य पोचवणे कोणत्याही वाणाला जमणारे नाही. ते काम आपले आहे.

आजींनी दिलेले बी मी दर वर्षी थोडे पेरते. या हिवाळ्यातही त्याला निळी फुले आली होती.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)