जत्रेतील हवेचा वाडा

पौष अमावास्येच्या रात्री आदिलाबाद जिल्ह्यातील केसलापूर येथे नागोबाची जत्रा सुरू होते. मेश्राम कुळातील गोंड भाविक गोदावरीचे पाणी पायी आणून देवाला अभिषेक करतात, आणि तेलंगणाप्रमाणेच महाराष्ट्रातूनही यात्रेकरूंची रीघ लागते. देवदर्शन आटोपले, की मुलांची पावले आकाशपाळण्याकडे वळतात. अशा जत्रांतून अलीकडे पाळण्याशेजारी प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाचा, हवेने फुगविलेला रंगीत वाडाही दिसतो. मुले त्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात. उंच पाळणा पाहून आईच्या काळजात धस्स होते. या मऊ वाड्यात मात्र ती मुलाला निःशंकपणे सोडते. ही निःशंकता कितपत रास्त आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

हा वाडा फुग्याप्रमाणे तोंड बांधून ठेवलेला नसतो. त्याच्या शिवणींतून हवा सतत बाहेर पडते आणि विजेचा पंखा ती सतत भरून काढतो. पंखा थांबला, की भिंती आत कलू लागतात. जत्रेतील वीज बहुधा जनित्राची; म्हणून जनित्रात पुरेसे तेल आहे की नाही हे खेळ सुरू होण्यापूर्वीच पाहावयास हवे. पंखा बंद पडताच पहिले काम मुले बाहेर काढण्याचे; यंत्राची दुरुस्ती त्यानंतरची. पंख्यास जाळी असावी, आणि विजेची तार मुलांच्या पायाखाली येऊ नये.

तथापि खरा वैरी वारा होय. आकाराने प्रचंड आणि वजनाने हलकी अशी वस्तू म्हणजे जमिनीवर उभारलेले शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. ५ मीटर रुंद व ४ मीटर उंच भिंतीवर ताशी ३८ किलोमीटरचा वारा निदान १३५ किलो वजनाएवढा भार देतो. वेग ७६ किलोमीटर झाला, तर तोच भार ५०० किलोंच्या पुढे जातो. म्हणूनच युरोपातील मानकाने ताशी ३८ किलोमीटर ही मर्यादा घातली असून, निदान ६ ठिकाणी वाडा बांधावा आणि प्रत्येक बंधनाने सुमारे १६३ किलोंची ओढ सोसावी, असे सांगितले आहे. वेग मोजण्याचे यंत्र हाताशी असावेच. परंतु पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागली, की मर्यादा जवळ आली, हे यंत्रावाचूनही ओळखता येते.

या नियमांमागे बालकांचे प्राण आहेत. २०१६ च्या मार्चमध्ये इंग्लंडमधील हार्लो येथे असा वाडा वाऱ्याने उडाला आणि आतील ७ वर्षांची मुलगी दगावली. बांधणी अपुरी होती व हवामानावर लक्ष ठेवले गेले नव्हते, म्हणून २०१८ साली दोघा चालकांना कारावास झाला. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर, डेव्हनपोर्ट येथील एका शाळेत, वावटळीने वाडा उचलला आणि ६ मुले प्राणास मुकली. तेथील चालकास २०२५ साली न्यायालयाने निर्दोष ठरविले. ती वावटळ आधी कळणे शक्य नव्हते, असे न्यायालयाचे मत पडले.

आदिलाबादच्या चालकास मात्र हे समाधान मिळावयाचे नाही. तेथील उन्हाळ्यात मोकळ्या माळावर वावटळ उठणे ही नित्याची गोष्ट आहे. तिला अकल्पित कोण म्हणेल? शिवाय जिल्ह्यातील कापसाची काळी जमीन उन्हात भेगाळते व पावसात लोण्यासारखी मऊ होते. पहिल्या दिवशी घट्ट बसलेली मेख तिसऱ्या दिवशी सैल झालेली असते. मेखा लांब व जाड लोखंडी असाव्यात, तिरप्या ठोकाव्यात, आणि रोज सकाळी ओढून पाहाव्यात. मेख ठोकता येत नसेल, तर तेवढ्याच तोलाचे वजन बांधावे. वाळूच्या दोन-चार पिशव्या नुसत्या टेकवून भागत नाही. भर उन्हात तापलेले प्लास्टिक मुलांची कातडी भाजते, म्हणून उन्हाळ्यात दुपारचा खेळ बंद ठेवणेच इष्ट.

वाऱ्याखेरीज होणाऱ्या दुखापती बहुधा पडण्याने आणि एकमेकांवर आदळण्याने होतात. लहान व मोठी मुले एकाच वेळी आत सोडू नयेत. चपला, चष्मे, टोकदार वस्तू बाहेर ठेवाव्यात. कोलांट्या मारू देऊ नयेत. दाराशी एका जाणत्या माणसाने सर्व वेळ उभे राहावे. तिकिटांचे पैसे मोजणे हे त्याचे काम नव्हे.

वर्षाची कमाई जत्रेच्या चार दिवसांत करणाऱ्या कुटुंबास भर गर्दीत खेळ थांबविणे जड जाते, यात संशय नाही. म्हणूनच वारा वाढताच खेळ बंद करण्याचा अधिकार दाराशी उभ्या असलेल्या माणसास मालकाने आधीच देऊन ठेवला पाहिजे. त्याला कोणास विचारावयास जावे लागू नये. जत्रेच्या व्यवस्थापकांनीही परवानगी देताना कागदाबरोबर मेखा तपासाव्यात. आणि ‘आज वारा आहे, खेळ बंद’ असे सांगणाऱ्या चालकाशी आईबापांनी हुज्जत घालू नये. त्या दिवशी त्याने तिकिटाचे पैसे सोडलेले असतात, ते त्यांच्याच मुलासाठी.