चिमटा कुणाच्या पोटाला?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



फळ्यावर विषय लिहिलाय तो असा : सरकारनं काटकसर केली की अर्थव्यवस्था खरोखर सावरते काय? मघाशी बाहेर दोघंतिघं म्हणत होते, हा विषय अग्रलेखवाल्यांचा, आपला काय संबंध? संबंध आहे. सरकार काटकसरीला निघतं तेव्हा कात्री घेऊन ते आधी मलबार हिलवर जात नाही. ते आपल्या वस्तीतून सुरुवात करतं. जुना दाखला देतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजाला माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली त्यानं १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, फौज कमी करायची ठरली, आणि १९२१ साली ती पलटण मोडून टाकली. गरज होती तेव्हा भरती, गरज संपली की घरी. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं, आणि तेव्हाही दुसरं महायुद्ध पेटलेलंच होतं.

पण नुसत्या रागानं वाद जिंकता येत नाही. बाबासाहेबांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला मोठा ग्रंथ कशावर आहे? ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक सरकारांच्या जमाखर्चावर. आपल्यातले किती जण अर्थसंकल्प वाचतात? हात वर करू नका, मला उत्तर माहीत आहे. तर आज आकड्यांशी मारामारी करू.

आधी समोरच्याचं म्हणणं, आणि ते नीट. तो म्हणतो : सरकार म्हणजे एक कुटुंब. कर्ज डोईजड झालं तर घरातला शहाणा माणूस खर्च कमी करतो. सरकारनंही तसंच करावं. तूट घटली की सावकारांचा विश्वास बसतो, व्याज उतरतं, खाजगी गुंतवणूक येते, धंदा वाढतो. काही वर्षं पोटाला चिमटा, मग सगळ्यांना भाकरी. ऐकायला पटतं. आपल्या आयांनी तर जन्मभर चिमटा काढूनच संसार केले, त्यामुळे आपल्याला जरा जास्तच पटतं.

फसवणूक त्या कुटुंबाच्या दाखल्यातच आहे. माझ्या घरानं साखर कमी आणली तर माझी कमाई कमी होत नाही. कारण माझा पगार माझ्या साखरेवर ठरत नाही. पण सरकार हे एवढं मोठं गिऱ्हाईक आहे की त्याचा खर्च ही लाखो माणसांची कमाई असते. महापालिकेच्या झाडूवाल्याचा पगार कापला की नाक्यावरच्या किराणावाल्याची उधारी थकते. किराणावाला पोऱ्याला काढून टाकतो. पोऱ्या शिवणकामवालीकडं जायचा बंद होतो. या सगळ्यांकडून सरकारला जो कर मिळत होता तोही आटतो. म्हणजे तूट भरायला खर्च कापला, आणि कापल्यामुळं जमाच घटली. धंदा तेजीत असेल, खाजगीवाले माणसं मागत असतील, तर हा फटका भरून निघतो. पण आधीच मंदी असेल, सगळेच हात आखडून बसले असतील, तेव्हा सरकारनंही हात आखडला तर खर्च करणार कोण? भूत?

हे मी पोथीतलं सांगत नाही. याचा प्रयोग एका अख्ख्या देशावर झाला. ग्रीस.

२००९ च्या अखेरीस ग्रीसच्या सरकारनं कबूल केलं की आधीचे तुटीचे आकडे खोटे होते. खरी तूट निघाली राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या वर. सावकारांनी दार लावलं. मे २०१० मध्ये युरो वापरणाऱ्या देशांनी आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं मिळून ११० अब्ज युरोंचं कर्ज मंजूर केलं, आणि सोबत अटींचा गठ्ठा. पगार कापा, पेन्शन कापा, माणसं कमी करा, सरकारी मालमत्ता विका. २०१२ च्या फेब्रुवारीत किमान वेतन २२ टक्क्यांनी खाली आणलं. पंचवीस वर्षांखालच्यांचं ३२ टक्क्यांनी! तरुण आहेस ना, मग अजून कमी खा. जून २०१३ मध्ये सरकारी रेडिओ-टीव्ही एका रात्रीत बंद करून टाकला.

वैद्यानं रोग्याला काय सांगितलं होतं? नाणेनिधीचा २०१० चा अंदाज होता की २०१२ साली ग्रीसची अर्थव्यवस्था पुन्हा वाढू लागेल. प्रत्यक्षात त्या वर्षी ती सुमारे सात टक्क्यांनी आकसली. बेकारी १५ टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबेल म्हणाले होते. २०१३ साली ती २७ टक्क्यांवर गेली आणि तरुणांतली पन्नासच्या पुढं. सगळं मिळून देशाचं उत्पन्न सुमारे पाव हिश्शानं घटलं. लढाई नाही, भूकंप नाही, आणि देशाचा चौथा हिस्सा गायब.

बरं, ज्यासाठी हे केलं ते कर्ज तरी उतरलं का? २००९ साली कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२७ टक्के होतं. २०१४ साली सुमारे १८० टक्के. मधे २०१२ साली खाजगी सावकारांचे शंभर अब्जांहून जास्त युरो माफ झाले होते, तरीही! शाळेतला अपूर्णांक आठवा. वर कर्ज, खाली उत्पन्न. तुम्ही वरचा आकडा खरवडत बसलात आणि खालचा त्याहून भरभर कोसळला, तर अपूर्णांक वाढणारच. आणि कर्जाचा पैसा गेला कुठं? बर्लिनच्या एका व्यवस्थापन संस्थेनं २०१६ साली हिशोब मांडला : पहिल्या दोन कर्जांतला पाच टक्क्यांहून कमी पैसा ग्रीसच्या सरकारी खर्चाला मिळाला. बाकीचा जुनी कर्जं, व्याज आणि बँका सावरण्यात गेला. सावकाराचा पैसा सावकाराच्या घरी, फक्त वाटेत गरिबाच्या अंगठ्याचा ठसा.

पुढं नाणेनिधीच्याच मुख्य अर्थतज्ज्ञानं, ऑलिव्हिए ब्लांशार यानं, डॅनियल ली या सहकाऱ्याबरोबर जानेवारी २०१३ मध्ये निबंध काढला. त्याचा मतलब असा : आम्ही धरून चाललो होतो की सरकारनं एक रुपया कापला तर उत्पन्न सुमारे आठ आण्यांनी घटेल. मंदीच्या त्या वर्षांत ते त्याहून खूप जास्त घटलं, रुपयाच्या आसपास आणि कधी रुपयाच्याही वर. झालं. एका गुणाकाराची चूक, आणि लाखो लोकांच्या चुली विझल्या. कुणाला शिक्षा? नाव घेऊ नका.

दुसरीही गंमत ऐका, विद्यार्थ्यांनी तर जरूर ऐका. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या बड्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली सांगितलं होतं की कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडं गेलं की वाढ खुंटते. जगभरचे काटकसरवाले मंत्री हा आकडा मंत्रासारखा म्हणत. २०१३ साली थॉमस हर्न्डन नावाच्या एका विद्यार्थ्यानं अभ्यास म्हणून तो हिशोब पुन्हा मांडायला घेतला, तर जुळेना. मूळ तक्ता मागवला तर सरासरी काढताना पाच देश वगळलेले! हिशोब दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्क्याची वाढ अधिक २.२ टक्के झाली. पोथी तपासायचा हक्क आपल्याला कुणी दिला नव्हता, तो आपण घेतला. ही सवय इथंही लावून घ्या.

आता ग्रीसमधल्या बायांबद्दल बोलतो. २०१३ साली तिथल्या अर्थखात्याच्या कचेऱ्या झाडणाऱ्या पुसणाऱ्या ५९५ बायांना कामावरून काढलं. काम खाजगी कंत्राटदारांकडं द्यायचं होतं. त्या घरी बसल्या नाहीत. अर्थमंत्रालयाच्या दारात ठाण मांडलं, पोलिसांचा मार खाल्ला, कोर्टात गेल्या. त्यांची निशाणी होती हातातले लाल रबरी मोजे. २०१५ साली नव्या सरकारला त्यांना परत घ्यावं लागलं. हे ऐकताना तुम्हाला मुंबई आठवली असेल. मुंबईत कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करा, हा निकाल सुप्रीम कोर्टापर्यंत लढून २०१७ साली मिळवावा लागला. अथेन्सच्या बायांना जात नव्हती. आपल्याकडं कचऱ्याच्या गाडीवर कोण असतं हे या सभागृहात सांगायची गरज नाही. काटकसर तीच, पण आपल्याकडं तिला वर्गाबरोबर वर्णाचाही पत्ता ठाऊक असतो.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आलीय. 'ग्रीस आता सावरला. आणि आपला देशही १९९१ च्या काटकसरीनंच वाचला. त्याचं काय?' चांगला प्रश्न, टाळत नाही.

ग्रीसचं आधी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कर्जाचा कार्यक्रम संपला, २०२१ नंतर वाढ बरी झाली, कर्जाचं प्रमाणही उतरू लागलं. खरं आहे. पण ते उतरलं कधी? खालचा आकडा, म्हणजे उत्पन्न, वाढायला लागल्यावर. आणि २०२३ सालापर्यंतही ग्रीसनं २००८ ची पातळी गाठलेली नव्हती. पंधरा वर्षं. त्या वेळी वीस वर्षांचा असलेला पोरगा पस्तिशीला आला. त्याला कुणी सांगावं की बाबा, तू सावरलास?

१९९१ चं जरा गुंतागुंतीचं आहे. परकी चलन संपत आलं होतं. रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं गहाण टाकलं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. नाणेनिधीचं कर्ज आलं, परवान्यांचं जंजाळ मोडलं, आणि सरकारी खर्चालाही कात्री लागली. १९९१-९२ मध्ये वाढ दीड टक्क्याच्या आत आली, पुढच्या वर्षी पाचाच्या वर गेली. तर सावरलं हे कबूल. पण सावरलं कशानं? रुपया स्वस्त झाल्यानं निर्यातीला वाव मिळाला, कर्जानं चलन मिळालं. ग्रीसकडं स्वतःचं नाणंच नव्हतं, युरो होता, म्हणून त्यानं नाण्याऐवजी माणसाची किंमत उतरवली. कात्रीचं श्रेय कात्रीला द्या, पण रुपयाचं श्रेय तिच्या पदरात घालू नका.

आणि सावरलं म्हणजे कोण सावरलं? आपल्या घरातून पहिली पक्की नोकरी आली ती कुठून? रेल्वे, पोस्ट, महापालिका, बँक, गोदी. राखीव जागा आहेत त्या सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रात. १९९७ साली देशात सार्वजनिक क्षेत्रातल्या नोकऱ्या सुमारे १ कोटी ९५ लाख होत्या. २०१२ साली त्या सुमारे १ कोटी ७६ लाख उरल्या. लोकसंख्या वाढली, पदवीधर वाढले, आणि नोकऱ्या एकोणीस लाखांनी घटल्या. हे आपोआप घडलेलं नाही. मे २००१ मध्ये केंद्र सरकारनं हुकूम काढला : थेट भरतीच्या तीन जागा रिकाम्या झाल्या तर साधारण एकच भरायची. २००९ सालापर्यंत तो चालला. राखीव जागांना हात लावायची गरजच नाही. घटनेतलं कलम जागच्या जागी ठेवा, जयंतीला हार घाला, आणि जागाच भरू नका. आरक्षण कायम, नोकरी नाही!

रेशनचंही तेच. १९९७ पासून दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे असे माणसांचे दोन ढीग केले. अनुदान वाचवायचं होतं. २००२ च्या जुलैत सरकारी गोदामांत ६ कोटी टनांहून जास्त धान्य पडून होतं, आणि ते सवलतीच्या भावानं निर्यातदारांना विकलं जात होतं. रेषेच्या वरचा म्हणून ज्याला वगळलं तो महाग घ्यायचा, नाहीतर घ्यायचाच नाही. याला वित्तीय शिस्त म्हणतात.

काटकसरीवर आपला मुळातून आक्षेप आहे, असं कुणी समजू नये. मंत्र्यांच्या ताफ्यातल्या गाड्या कापा, ठेकेदाराच्या बिलातली हवा काढा, आम्ही टाळ्या वाजवू. तेजीच्या दिवसांत कर्ज उतरवा, जरूर. पण सप्टेंबर २०१९ मध्ये मंदी जाणवू लागली तेव्हा याच देशात कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडतो आहोत, असं सरकारनंच सांगितलं. त्या दिवशी तिजोरी रिकामी नव्हती! शिष्यवृत्तीचा विषय निघाला की लगेच रिकामी होते.

आणि लढून काही होत नाही असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शासकीय कामांसाठी माणसं पुरवायला नऊ एजन्सी नेमण्याचा निर्णय काढला. शिपायापासून इंजिनियरापर्यंत सगळं कंत्राटी. पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. पण भरलेल्या जागा किती आणि रिकाम्या किती, हे तेव्हा आपल्यातल्या फार थोड्यांकडं कागदावर होतं. भाषणं भरपूर होती.

म्हणून पुढच्या वर्गाचं काम आत्ताच वाटून घेऊ. प्रत्येकानं एक कचेरी धरायची, आपल्या वॉर्डाची, कॉलेजची, तालुक्याची, कुठलीही. तिथली बिंदुनामावली मागायची. मंजूर पदं किती, भरलेली किती, अनुशेष किती, आणि त्याच कामावर कंत्राटी किती, त्यांना हातात काय मिळतं. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. अर्जाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, जाताना घेऊन जा.