आतड्याचे पहारेकरी



वाशीम, कारंजा, रिसोड वा शिरपूर येथे नऊ महिन्यांच्या बालकाला गोवराच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजला जातो. तो डोळ्यांसाठी, असे माता समजतात. ते खरेच आहे. परंतु त्याचे एक कार्य पोटातही चालते, आणि ते फारसे कोणी सांगत नाही.

आतड्याचे अस्तर केवळ एका पेशीच्या जाडीचे असते. एका बाजूस अन्न व असंख्य जंतू, दुसऱ्या बाजूस रक्त. येथे पहारा हवाच. पण रक्ताबरोबर सर्वत्र फिरणाऱ्या रक्षक पेशीला आतडे ओळखू कसे येते?

आतड्यालगतच्या लसिका ग्रंथींत 'अ' जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल बनते. त्याच्या प्रभावाने रक्षक पेशीवर अल्फा-4 बीटा-7 हे प्रथिन येते, हे 2004 साली जपानच्या माकोतो इवाता व सहकाऱ्यांनी दाखविले. हा जणू पत्त्याचा शिक्का. आतड्यातील रक्तवाहिन्यांच्या आतील भिंतीवर मॅडकॅम-1 हे त्याच्या जोडीचे प्रथिन असते. वाहणारी पेशी तेथे अडखळते, घरंगळते, थांबते आणि भिंतीतून बाहेर पडते. अस्तरापाशी तिचे अल्फा-ई बीटा-7 हे दुसरे प्रथिन ई-कॅडहेरिनला घट्ट धरते. अस्तराच्या पेशी एकमेकींना बांधून ठेवणारे प्रथिनही हेच ई-कॅडहेरिन!

दंडात टोचलेल्या लसीने हा शिक्का सहसा उमटत नाही. म्हणून पोलिओचे थेंब तोंडानेच पाजतात. मात्र पूर्वी थेंब घेतलेल्या मुलांना इंजेक्शन दिल्यास आतड्याचे संरक्षण पुन्हा बळावते, असे मोरादाबादच्या मुलांवरील, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पहारा एकदा बसला की त्याला हाक देता येते.

हेच चिकटणे अनावर झाले तर आतड्याला सूज व व्रण होतात. 2014 पासून वापरात आलेले व्हेडोलिझुमॅब हे औषध तो शिक्काच झाकून टाकते.

आपल्या घरांत कंदमूळ वर्ज्य, म्हणून गाजर नाही. चातुर्मासात अनेकांकडे पालेभाजीही नाही. तरी काळजी नको. लाल भोपळा, पिकलेली पपई, हंगामात आंबा, शिवाय दूध व तूप यांतून हे जीवनसत्त्व मिळते. बालकांचा डोस मात्र चुकवू नये: नवव्या महिन्यात 1 लाख युनिट, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख. तो आरोग्य सेविकेकडूनच घ्यावा. बाजारातून आणून वर आणखी पाजू नये, अधिक मात्रा यकृताला बाधते.