सोनाळ्याची रेल्वे : आपली मागणी आणि त्यांचे वावर
(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित सभेतील भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. संयोजकांनी मला ‘आपले गाव व त्याचे प्रश्न’ हा विषय दिला. मी कापडाचा दुकानदार. मोजून कापण्याची हाताला सवय असल्यामुळे एवढ्या मोठ्या ताग्यातून मी एकच तुकडा घेणार आहे, तो म्हणजे रेल्वे. रस्ते, नाल्या, वीज यांविषयी ग्रामसभेत बोलता येते. तेथे उपस्थिती कमी असते ही गोष्ट वेगळी.

वऱ्हाडात आगगाडी आली ती कापसासाठी. मुंबईकडून येणारा मार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७० मध्ये, जलंब ते खामगाव हा छोटासा फाटा खास खामगावच्या कापूस बाजारासाठी सुरू झाला. त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही नावे त्या मार्गामुळे देशाच्या नकाशावर ठळक झाली. आपण सातपुड्याच्या पायथ्याची माणसे मात्र त्या मार्गापासून दूर राहिलो. आपल्या वाट्याला जी काही रेल्वे आली ती पुढे, अकोला ते खंडवा या मीटरगेजच्या रूपाने, आणि तीही आपल्या गावात आली नाही. ती अकोट, अडगाव, हिवरखेडपर्यंत येऊन मेळघाटात शिरत असे.

त्या गाडीशी माझे नाते व्यापाराचे होते. अकोल्यास बी.कॉम. करीत असतानाच सुट्टीत वडील मला खरेदीस सोबत नेऊ लागले. सोनाळ्याहून एस.टी.ने अकोट आणि अकोटहून गाडी. काचीगुड्याहून राजस्थानकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने धावे. पाली, बालोतरा येथील पॉपलीन आणि छापील कापड आम्ही प्रत्यक्ष पाहून निवडत असू. मालाच्या गाठी मागाहून येत आणि बिल्टी हाती पडली की वडिलांचा चेहरा खुले. धूळघाटच्या वळणावर गाडी डोंगर चढताना फेरा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पुलाने जात असे. वडील मला खिडकीशी बसवून म्हणत, “पाहून घे, आपण आता होतो ती लाइन बघ खाली.” इंजिनाच्या धुराने पांढरा सदरा काळवंडे आणि घरी आल्यावर आईची बोलणी आम्हा दोघांनाही ऐकावी लागत.

दोन्ही बाजूंस साग, मध्येच एखादे ठाणे आणि फलाटावर बसलेले कोरकू बांधव. त्या वनात वाघ आहे एवढे ठाऊक होते, परंतु ते वन वाघाच्या नावाने राखून ठेवलेले आहे याचे आम्हास विशेष भान नव्हते. वास्तविक १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांमध्ये मेळघाट होते.

पुढे २००८ च्या सुमारास अकोला ते पूर्णा मार्ग रुंद झाला, मीनाक्षीचा जुना प्रवास संपला, आणि रतलाम-महू-खंडवा-अकोला हा संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज करण्यास मंजुरी मिळाली. येथूनच आपल्या गावाचा संबंध येतो. जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जवळजवळ ३९ किलोमीटर जात होता आणि त्यापैकी सुमारे २३ किलोमीटर तर अगदी गाभा क्षेत्रातून. मीटरगेजची मंद गाडी आणि ब्रॉडगेजवरच्या वेगवान प्रवासी व मालगाड्या यांत फार फरक आहे. वन्यजीव अभ्यासकांनी हरकत घेतली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. दरम्यान जानेवारी २०१७ मध्ये अकोला ते अकोट ही मीटरगेज गाडी बंद झाली. अकोल्यापासून अकोटपर्यंतचा रुंद मार्ग तयार होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर प्रवासी गाडी धावू लागली. अकोटच्या पुढे कोठून जायचे, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे लोंबकळत राहिला.

पर्याय असा होता की अडगाव, हिवरखेडपासून मेळघाटात न शिरता पश्चिमेकडे वळावे. सोनाळा, जामोद करीत कुंडकडे सातपुडा ओलांडावा. आणि उसर्णी, खकनार, खिकरीमार्गे तुकईथडला जुना मार्ग पुन्हा गाठावा. अंतर सुमारे ३० किलोमीटर वाढणार, खर्चही वाढणार. परंतु वन वाचणार आणि ज्या गावांनी कधी रूळ पाहिला नाही त्यांच्या शिवारातून गाडी जाणार. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री श्री. उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून हाच पर्यायी मार्ग घ्यावा अशी विनंती केली आणि त्यानंतर रेल्वेने तो स्वीकारला.

बंधूंनो, त्या मागणीच्या निवेदनावर ज्यांनी सह्या गोळा केल्या त्यांत मी एक होतो. माझ्या दुकानाच्या गादीवर तो कागद कित्येक दिवस पडून असे. लुगडे घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी सही करायला लावी आणि मग थान उलगडी. मार्ग मान्य झाल्याची बातमी आली त्या दिवशी पेढेही वाटले. कोणी विचारले तर मी म्हणे, “जीवदया हा आपला धर्म. वाघाचे वन वाचले, आणखी काय पाहिजे?” हे मी खोटे बोलत नव्हतो. परंतु आज येथे सर्वांसमक्ष सांगितले पाहिजे की त्या वाक्याच्या मागे एक दुसराही हिशेब होता. गावात स्टेशन झाले की मालाची ने-आण स्वस्त होईल, अंबाबरवा अभयारण्य पाहायला येणारे पर्यटक वाढतील, बाजार वाढेल, आणि आज जे गिऱ्हाईक लग्नाचा बस्ता फाडायला शेगाव-अकोल्यास जाते ते येथेच थांबेल. की उलट येथले गिऱ्हाईकच गाडीत बसून अकोल्यास जाईल? हा विचार मला फार उशिरा सुचला आणि अद्याप त्याचे उत्तर मिळालेले नाही.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. काही दिवसांपूर्वी माझे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले. त्यांचे वडील माझ्या वडिलांकडून उधारीवर कापड नेत आणि हंगामात हिशेब चुकता करीत, इतका जुना संबंध. त्यांच्या संत्र्याच्या बागेत मोजणीवाले येऊन गेले होते. ते गादीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “शेटजी, ठेसन तुमच्या दुकानाले पायजे होतं, वावर माह्यं जाते. सही मीबी केली होती, तुमीच घेतली. आता पुढचे कागद तरी वाचून सांगा.”

मला काही बोलता येईना. मी त्यांना चहा मागवला. त्यांनी तो घेतला, पण बसले नाहीत.

ज्यांना आपल्या भागाची जमीन ठाऊक नाही अशा पाहुण्यांसाठी येथे थोडे सांगितले पाहिजे. दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस खारपाणपट्टा पसरलेला आहे. अकोला, अमरावती आणि आपला बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतील शेकडो गावे त्यात येतात. तेथील विहिरीचे पाणी खारट, ते पिण्यास अपायकारक आणि बागेस निरुपयोगी. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली ती याच कारणाने. उत्तरेकडे सातपुड्याचे वन. या दोहोंच्या मध्ये गोड्या पाण्याची जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यात सोनाळा, टुणकी आणि आसपासची गावे आहेत, आणि आपली संत्र्याची बाग त्याच पट्टीत होते. नवा मार्ग वन टाळून येणार म्हणजे तो याच पट्टीतून येणार. ज्याची बाग जाईल त्याला मोबदल्याच्या पैशात जमीन घ्यायची झाली तर खारपाणपट्ट्यात कदाचित मिळेल, येथे कोण विकणार? आणि संत्र्याचे झाड लावल्यापासून हाती बहार येण्यास पाच-सहा वर्षे जातात. आमचे गिऱ्हाईक साठीला आले आहे.

मी त्यांचे कागद पाहिले. वाणिज्य शाखेच्या शिक्षणाचा एवढा उपयोग मला अनेक वर्षांत झाला नव्हता. सात-बारा आजोबांच्या नावे. आजोबा वारून चाळीस वर्षे होऊन गेली. दोन चुलते, एक आत्या, कोणाचाही वारस फेरफार नाही. त्या आत्यांचाही हक्क आहे, हे सांगितल्यावर ते जरा चमकले. पीकपेऱ्याच्या रकान्यात वर्षानुवर्षे कापूस. संत्र्याच्या एकाही झाडाची नोंद नाही, विहिरीची नाही. ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून ई-पीक पाहणी करावयाची असते, ती त्यांनी एकदाही केलेली नव्हती. म्हणजे डोळ्यांसमोर बाग उभी आहे आणि कागदावर ती नाही.

रेल्वेसाठी जमीन घेताना १९८९ च्या रेल्वे कायद्यातील तरतुदी लागू होतात. प्रथम कलम २० अ खाली अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील. त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत हितसंबंधी व्यक्तीला लेखी हरकत घेता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्यांपुढे स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडता येते. त्यानंतर अंतिम घोषणा झाली की जमीन केंद्र शासनाची. २०१५ पासून रेल्वेच्या भूसंपादनासही २०१३ च्या नव्या कायद्याप्रमाणे मोबदला मिळतो. त्यात जमिनीची किंमत, तीवरील झाडे, विहीर, बांधकाम यांचे स्वतंत्र मूल्य आणि या एकूण रकमेइतकेच, म्हणजे शंभर टक्के, दिलासा अनुदान असते. झाडांच्या मूल्यासाठी फळबागेचे जाणकार बोलावण्याची मुभाही त्यात आहे. सारे उत्तम आहे. पण जाणकाराने मोजायचे काय, हे आधी कागदावर असले पाहिजे, आणि ३० दिवस हा काळ ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत नाही त्याच्यासाठी केव्हाच निघून जातो. आपल्यापैकी ज्यांनी कराची नोटीस मुदतीनंतर उघडली असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

दुसरी बाब पाण्याची. सातपुड्यातून उतरणारा प्रत्येक नाला दक्षिणेकडे वाहतो आणि हा मार्ग पूर्व-पश्चिम जाणार आहे. म्हणजे प्रत्येक नाला त्याला आडवा येणार. २२ जुलै २०२३ रोजी आपल्या व जळगाव जामोद तालुक्यात पावसाने जे केले ते आपण पाहिले आहे. पुराच्या पाण्याने माती, पिके, जनावरे, घरातील धान्य, काही म्हणता काही ठेवले नाही. उद्या त्या पाण्यापुढे मातीचा उंच भराव उभा राहिला आणि त्यातील मोऱ्या अपुऱ्या पडल्या तर वरच्या अंगाच्या शेतांचे तळे होईल. अभियंते हिशेब करतातच, मला त्यांच्या विद्येवर शंका घ्यावयाची नाही. परंतु २०२३ मध्ये कोणत्या नाल्याला पाणी कोठवर चढले होते हे त्या नाल्याकाठच्या माणसाला ठाऊक आहे. ते गटनंबरासह लिहून वेळेवर दिले तर उपयोग. भराव झाल्यावर दिले तर ती तक्रार होते.

मला कोणी विचारेल, मग रेल्वे नको काय? हवी आहे. मी सही मागे घेतलेली नाही. वनातून ती जाऊ नये हेही मला आजही योग्य वाटते. खामगाव-जालना मार्गाची मागणी शतकाहून जुनी असूनही ती मंडळी अद्याप गाडीची वाटच पाहत आहेत, त्या मानाने आपण भाग्यवान. फक्त ज्यांनी मागणी केली ते आणि ज्यांचे वावर जाणार ते, ही माणसे वेगवेगळी आहेत, आणि निवेदनावर सह्या घेताना हे मी कोणाला सांगितले नव्हते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी एक विनंती ठेवली होती आणि आनंदाची गोष्ट ही की ती मंजूर झाली आहे. आपले हे सभागृह दर आठवड्यास बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते पाच, जातपात न पाहता, सर्व शेतकऱ्यांसाठी उघडे राहील. मी आणि गावातील दोन निवृत्त शिक्षक तेथे बसू. येताना सात-बारा, आठ-अ, फेरफाराचे उतारे, असल्यास मृत्यूचे दाखले आणि वारसांची नावे आणावीत. बाग असल्यास झाडांची संख्या व वय, विहीर असल्यास तिचा फोटो आणावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आम्ही वाचून दाखवू, अर्ज लिहून देऊ. आपल्या तरुणांपैकी ज्यांच्या हाती चोवीस तास मोबाइल असतो त्यांनी ई-पीक पाहणीसाठी वावरात सोबत जावे. ट्रस्टकडे दोन वर्तमानपत्रे येतात, त्यांतील शासकीय जाहिरातींची पाने यापुढे रद्दीत न टाकता फळ्यावर लावली जातील. मोबदला मिळेपर्यंत ज्यांची बाग गेली त्यांची दुकानातील उधारी कोणी व्यापाऱ्याने मागू नये, असेही मी व्यापारी बंधूंना सुचवले होते. त्यावर अद्याप एकमत झालेले नाही. माझ्यापुरते मी ठरवले आहे.

मघाशी ज्यांचा उल्लेख केला ते गृहस्थ मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांचा सात-बारा माझ्या खिशात आहे. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्यांकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे, उद्या सकाळी द्यावयाचा आहे, आणि आत्यांची सही घेण्यासाठी आज संध्याकाळच्या एस.टी.ने त्यांच्या गावी जाणे आहे. गाडीला अर्धा तास उरला असल्यामुळे येथेच थांबतो. जय जिनेंद्र.