नाव एक, रोग दोन



२०२२ सालचा पावसाळा आपल्याला आठवत असेल. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पीची बातमी आली आणि बघता बघता गावोगावचे गोठे धास्तावले. मी पशुवैद्यक. त्या दिवसांत लसीकरणासाठी एका वस्तीवर गेलो होतो. एका शेतकऱ्याने लशीची बाटली हातात घेतली, वरचे नाव वाचले आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही तर शेळ्यांच्या देवीची लस. माझ्या दावणीला शेळी नाही, गुरं आहेत." मी घाईत होतो. "प्रजाती एकच आहे, चालतं," एवढे बोलून मी सिरिंज भरू लागलो. त्याने माझ्याकडे नीट पाहिले. गाय आणि शेळी एकाच प्रजातीची म्हणणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवील? "राहू द्या, पुढच्या खेपेला बघू," तो म्हणाला. मी पुढच्या गोठ्याकडे वळलो.

महिनाभराने त्याच्या बैलाच्या अंगावर गाठी आल्या. बैल गेला. लस टोचली असती तर तो नक्की वाचला असता, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्याची संधी मी घालवली, आणि ती एका शब्दापायी. आज त्या शब्दाबद्दल आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलायचे आहे.

शाळेच्या पुस्तकात आपण वर्गीकरणाची उतरंड शिकलो : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि सर्वांत खाली जाती. जिल्हा, तालुका, गाव, आळी, घर असा पत्ता लिहावा तसेच हे. कुल म्हणजे भावकी म्हणा, प्रजाती म्हणजे एका घरातली भावंडे, आणि जाती म्हणजे त्यातला एकेक भाऊ. काही ग्रंथांत प्रजातीला 'वंश' म्हणतात. वर्तमानपत्रात मात्र 'देशी गाईंच्या प्रजाती' असे सर्रास छापून येते. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ या प्रजाती नव्हेत आणि शास्त्राच्या अर्थाने वेगळ्या जातीही नव्हेत. ते एकाच जातीतले वाण आहेत. म्हणून खिल्लार गाईला देवणी वळूपासून वासरू होते. म्हैस मात्र वेगळ्या प्रजातीची. पिढ्यान्पिढ्या एका गोठ्यात बांधूनही गाय-म्हशीचा संकर होत नाही. घोडा आणि गाढव एका प्रजातीतल्या दोन जाती. म्हणून खेचर जन्मते, पण बहुधा वांझ.

जनावरांना जसे कुळ-घर असते, तसेच रोगजंतूंनाही असते. मी 'प्रजाती एकच' म्हणालो ते विषाणूबद्दल. गुरांचा लम्पी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी या तीन रोगांचे विषाणू एकाच प्रजातीतले. तिचे नाव कॅप्रिपॉक्स. लॅटिनमध्ये 'कॅप्रा' म्हणजे शेळी. सख्ख्या भावंडांचे तोंडवळे जुळावेत तसे हे तिघे इतके सारखे की एकाला ओळखायला शिकलेले शरीर दुसऱ्यालाही दारात अडवते. म्हणून शेळीची लस गाईला चालते. यात नवे काहीच नाही. १७९६ साली एडवर्ड जेनरने माणसाच्या देवीवर उपाय केला तो गाईच्या देवीचाच. तेही दोन विषाणू एका घरातले. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावरचा तो गोल वण आठवा. 'देवी काढल्या' असे आपण म्हणत असू. "तुमच्या आजीला गाईच्या घरातल्या देवीने तारलं, आता गाईला शेळीची देवी तारील," एवढे त्या शेतकऱ्याला सांगितले असते, तर त्याला पटले असते.

आपल्या वाडवडिलांनी रोगांची नावे ठेवली ती डोळ्यांना दिसले त्यावरून. लाळ गळते, खुरे चिघळतात, म्हणून लाळ्या-खुरकूत. फरा सुजतो म्हणून फऱ्या. जनावर एका पायाने लंगडते म्हणून त्यालाच कुठे एकटांग्या म्हणतात. ही नावे इतकी नेमकी की गुराख्याचे पोरही रोग ओळखते. पण डोळ्यांना जंतू दिसत नाही, आणि तिथे घोटाळा होतो.

'घटसर्प' हा शब्द घ्या. लहान मुलांना होतो तोही घटसर्प, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गाई-म्हशींचा गळा सुजवून दिवसभरात जीव घेतो तोही घटसर्प. जीवाणू मात्र दोन निरनिराळे. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. गोठ्यात घटसर्प झाला म्हणून घरातली पोरे आजोळी पाठवण्याचे कारण नाही. त्यांची लस वेळेवर टोचलेली असावी, पण ती म्हशीमुळे नव्हे.

उलट उदाहरण अधिक धोक्याचे. जनावराला होते ती 'फाशी' आणि माणसाच्या कातडीवर उठते ती 'काळपुळी'. नावे दोन, जीवाणू एकच : अँथ्रॅक्सचा. जनावर अचानक मरून पडले, नाकातून वा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर ते फाडू नका, कातडे सोलू नका. हवा लागली की या जीवाणूचे बीजाणू बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. पशुवैद्यकाला बोलवा, त्याच्या देखरेखीखाली खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

लाळ्या-खुरकुताबाबतही आया घाबरतात. मुलाच्या हातापायांवर नि तोंडात फोड आले की संशय गाईवर. मुलांच्या त्या रोगाचा विषाणू आणि लाळ्या-खुरकुताचा विषाणू भावकीतले खरे, कुल एकच. पण प्रजाती वेगळ्या. गाय निर्दोष आहे. आणि "लस टोचूनही लाळ आलीच" अशी तक्रार असते, तिचे एक कारणही वर्गीकरणातच आहे. या विषाणूचे सात प्रकार आहेत. एकाची लस दुसऱ्याला आवरत नाही. आपल्याकडच्या लशीत ओ, ए आणि एशिया-१ हे तीन असतात.

आणखी एक जोडी. 'संसर्गजन्य' म्हणजे एकापासून दुसऱ्याला होणारा. 'प्राणिजन्य' म्हणजे जनावरापासून माणसाला होणारा. लम्पी गुरांपुरता संसर्गजन्य आहे, डास-माश्या-गोचिडांनी पसरतो. माणसाला होत नाही. पण 'संसर्गजन्य' एवढेच वाचून कित्येकांनी त्या वर्षी दूध बंद केले. गाय आजारी पडल्याचा फटका होताच, त्यात शब्दाचा फटका बसला.

शेवटी एक चांगली गोष्ट. १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा निघाली. तीच पुढे मुक्तेश्वरला गेली. तिच्यापुढचा एक मोठा शत्रू होता बुळकांडी. गावेच्या गावे गुरांविना करणारा हा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून हटवलेला हा दुसराच रोग. आज बुळकांडी फक्त शब्दकोशात उरली आहे. लम्पीचेही तसेच व्हावे.

त्या शेतकऱ्याकडे मी दुसऱ्या वर्षी गेलो. दावणीला दोन गाई होत्या. बाटली काढण्याआधी मी ओट्यावर बसलो आणि आजीच्या दंडावरच्या वणापासून सुरुवात केली. बोलणे संपेपर्यंत चहा आला होता, आणि गाई त्याने स्वतःच धरल्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)