पद्मिनी आणि नवी गाडी

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा मला मांडवगण फराट्यातली वडिलांची पद्मिनी आठवली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. पेट्रोलमधला कचरा कार्बोरेटरमध्ये अडकला, की मीच बॉनेट उघडून जेट फुंकायचो. मुलाच्या नव्या गाडीत बिघाड शोधायलाही यंत्र जोडावं लागतं. त्याचं मला वाईट वाटायचं.

पण गळिताच्या हंगामात एका रात्री समोर उसाची बिनदिव्यांची ट्रॉली आली. मुलानं करकचून ब्रेक दाबला. एबीएसमुळे चाकं जाम झाली नाहीत, गाडी वळली, आम्ही वाचलो. पद्मिनीत ती सोय नव्हती. जुनी गाडी मला कळायची. नवीनं मात्र आम्हाला सांभाळलं.